तीन रविवार पुरत नाहीत

संपादक महोदय,

रविवारी सकाळी काही तास रस्ता गाड्यांना बंद ठेवून चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळा करून देण्याच्या उपक्रमावर आपल्या वाचकपत्रांत सध्या वाद चालू आहे. एका पत्रलेखकांनी विचारलं आहे, ‘बंद रस्त्यावर रुग्णवाहिका अडकली तर जबाबदार कोण?’ प्रश्न रास्त आहे. मी 31 वर्षं रुग्णवाहिका चालवली, आणि निवृत्तीनंतर अशाच एका रविवारच्या रस्त्यावर चौकात गाड्या अडवणारी साखळी सांभाळायला उभा राहिलो. दोन्ही बाजू पाहिलेला माणूस म्हणून हे पत्र लिहितो आहे.

रुग्णवाहिकेला माणसं अडवत नाहीत, गाड्या अडवतात. त्यातही जास्त अडवतात त्या कडेला लावून ठेवलेल्या. सायरन ऐकून पुढचा चालक बाजूला व्हायला तयार असतो, पण त्याला सरकायला जागाच नसते. डावीकडे उभ्या गाड्या, उजवीकडे दुभाजक आणि पुढे त्याच्यासारखाच अडकलेला आणखी एक. मागे स्ट्रेचरजवळ बसलेला नातेवाईक मधल्या छोट्या काचेवर बोटं वाजवत राहतो. काही बोलत नाही, नुसतं टक टक. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

साखळीवर असताना एका रविवारी रुग्णवाहिका आली. रस्ता शांत असल्यामुळे सायरन खूप लांबून ऐकू आला. मी साखळी सोडली, शिट्टी वाजवली. चालणारे कडेला झाले, सायकलवाले सायकली हातात धरून त्यांच्या मागे उभे राहिले आणि रस्ता मधून सरळ उघडला. गाडी पुढच्या चौकापलीकडे दिसेनाशी व्हायला मिनिटभरही लागलं नसेल. माझ्या सगळ्या नोकरीत मला इतका सरळ रस्ता फार थोड्या वेळा मिळाला.

अर्थात हे आपोआप होत नाही. साखळीवरच्या माणसाने जागा सोडायची नाही. जवळच्या रुग्णालयांना कुठला रस्ता किती वाजेपर्यंत बंद आहे हे आधी कळवायचं. आणि रस्त्याच्या मधोमध हलवता येणार नाही अशी एकही वस्तू ठेवायची नाही. या तिसऱ्या गोष्टीवर मी पुन्हा येणार आहे, कारण आमचं सगळं तिथेच बिघडलं.

उपक्रम सुरू झाल्यावर पहिल्याच रविवारी एक ताई सायकल ढकलत साखळीपाशी आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. सोबत त्यांचे यजमान. म्हणाल्या, ‘दादा, इथे एका कडेला शिकले तर चालेल का?’ लहानपणी घरात एकच सायकल होती, ती भावाची. मग शिकायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. ही सायकल मुलीची, ती परगावी गेल्यापासून घरात पडून होती.

थोड्या वेळाने बघतो तर यजमान मागून कॅरिअर धरून पळताहेत, दोघंही धापा टाकताहेत आणि सायकल सारखी डावीकडे कलते आहे. मोठ्या माणसाला असं शिकवून जमत नाही. मागून धरलेल्या हाताचा भरवसा वाटतो, पण स्वतःचा तोल सापडत नाही. मी पेटीतून पान्हा काढला आणि दोन्ही पेडल उतरवली. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. हे ठाऊक नसलं की माणूस डावं पेडल सोडवण्याच्या नादात आणखी आवळत बसतो. मग सीट इतकी खाली घेतली की बसल्यावर त्यांचे दोन्ही तळवे सपाट जमिनीवर टेकले. म्हटलं, ‘आता पायांनीच रेटा देत चला. चाकाकडे बघू नका, लांब बघा.’

पहिला रविवार त्या पावलं टाकत गेल्या, सायकल नुसती दोन पायांच्या मध्ये. दुसऱ्या रविवारी पावलं लांब झाली, मधेच एखाद्या क्षणी दोन्ही पाय हवेत. तिसऱ्या रविवारी त्यांनी रेटा दिला, पाय उचलले आणि सायकल पंधरा-वीस फूट सरळ गेली. त्यांनी श्वास रोखून धरला होता. थांबल्यावर पाय टेकले, मागे वळून आपण कुठून निघालो होतो ते पाहिलं, आणि यजमानांना हाक मारण्याऐवजी पुन्हा रेटा दिला. पुढच्या वेळी पेडल लावायची असं ठरलं. तोवर ती एका पिशवीत घालून हँडलला अडकवलेली होती.

‘हे मैदानावर का नाही करत?’ असंही आपल्या एका वाचकांनी लिहिलं आहे. मैदानाच्या मातीत चाक रुततं, आणि नवख्याला रुतलेलं चाक पाडतंच. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. मैदानावर शिकलेल्या माणसालाही दारातून बाहेर पडल्यावर रस्त्यावरच यायचं असतं. ज्या रस्त्याची भीती वाटते, त्याच रस्त्यावर ती जावी लागते.

चौथ्या रविवारी आम्ही पोचायच्या आधीच रस्त्याच्या मधोमध स्टेज उभं होतं. माणसाहून उंच दोन स्पीकर, समोर खुर्च्यांच्या रांगा, दोन्ही कडेला प्रायोजकांचे स्टॉल. आठ वाजेपर्यंत भाषणं, मग नाच. गर्दी इतकी की सायकल सोडा, दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नव्हती. ताई सायकल धरून बराच वेळ एका कडेला थांबल्या, मग वळून निघून गेल्या. मी व्यवस्था पाहणाऱ्यांना सांगायला गेलो की रुग्णवाहिका आली तर हे स्टेज कोण हलवणार? उत्तर मिळालं, ‘कार्यक्रम संपेपर्यंत सांभाळून घ्या.’ त्या दिवशी रुग्णवाहिका आली नाही, हे नशीब. त्या तीन तासांत माझे कान सारखे सायरनकडे लागले होते.

गर्दीचे फोटो चांगले आले. त्यानंतर उपक्रम महिन्यातून एकदा ठेवायचं ठरलं, कारण इतका मोठा कार्यक्रम दर आठवड्याला परवडणार नव्हता. मग पुढील सूचनेपर्यंत स्थगित. ती सूचना अजून आलेली नाही. त्या ताई मला पुन्हा दिसल्या नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा कार्यक्रम नाही. ही नळाच्या पाण्यासारखी सोय आहे, ठरलेल्या वेळी यायला हवी. साखळी, शिट्टी, चौकाचौकांत माणसं आणि मोकळा रस्ता, याला खर्च तो किती? खर्च वाढतो तो स्टेज, स्पीकर आणि मांडवाने. आणि तो वाढला की उपक्रम बंद करायला कारण मिळतं.

कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात हे काम फार जुनं आणि नेटाने चाललेलं आहे. 15 डिसेंबर 1974 रोजी तिथल्या सायकलप्रेमींनी पहिल्यांदा रस्ता गाड्यांपासून सोडवून घेतला. त्याला तिथे ‘सिक्लोविया’ म्हणतात. पुढे मधल्या काळात तोही आक्रसला होता. 1990च्या दशकाच्या मध्याला गिल पेन्यालोसा उद्यान खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी तुकडे जोडत जोडत तो 100 किलोमीटरच्या वर नेला. आज तिथे दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन रस्ते खुले असतात. पुष्कळ ठिकाणी मोठ्या रस्त्याची एक बाजू माणसांना आणि दुसरी गाड्यांना असते, त्यामुळे शहर थांबत नाही. चौकात नेमलेली माणसं आडवी वाहतूक थोड्या थोड्या वेळाने सोडतात. नाच आणि व्यायामाचे वर्ग तिथेही आहेत, आणि लोक उत्साहाने येतात. पण ते भरतात मार्गालगतच्या बागांत आणि चौकांत. रस्ता चालता राहतो. मला नाचाचं वावडं नाही, तो रस्त्याच्या मधून उचलून कडेला ठेवा एवढंच म्हणतो.

लांबीचा मुद्दा मला साखळीवर उभं राहूनच कळला. अर्ध्या किलोमीटरचा तुकडा असला की लोक गाडीने येतात, गाडी आजूबाजूच्या गल्ल्यांत लावतात, चालतात आणि गाडीने परत जातात. गल्लीतल्या रहिवाशांनी आपल्या पानांवर जी तक्रार केली आहे ती शंभर टक्के खरी आहे. त्यांच्या दारात गाड्या लागल्या होत्या. यावर उपाय रस्ता बंद करणं सोडून देण्याचा नाही, तुकडे जोडून तो वस्त्यांपर्यंत नेण्याचा आहे, म्हणजे माणूस घरातूनच पायी निघेल. आणि बस चालू ठेवता येतात. जकार्तामध्ये रविवारी सकाळी सुदिरमान आणि थामरिन हे मुख्य रस्ते गाड्यांना बंद होतात, तरी तिथली बस आपल्या वेगळ्या मार्गिकेतून चालू राहते.

आपल्या देशात 17 नोव्हेंबर 2013 ला गुरगावात ‘राहगिरी’ नावाने हे सुरू झालं आणि त्यानंतर अनेक शहरांनी ते उचललं. म्हणजे सुरुवात करायला आपण मागे नाही. सातत्यात कमी पडतो.

नेदरलँड्समध्ये 1973च्या तेलटंचाईत सरकारने 4 नोव्हेंबरपासून रविवारी खासगी गाड्या चालवायला बंदी केली होती. जानेवारी 1974 पर्यंत ती टिकली. इंधन वाचवण्यासाठी केलेली ती सक्ती होती, पण लोक रिकाम्या महामार्गांवर चालत, सायकली चालवत बाहेर पडले. मोकळा रस्ता दिला की माणसाला काय करायचं ते सांगावं लागत नाही. आमच्या रस्त्यावरही कोणी सूचना दिली नव्हती. मुलांनी खडूने रेघा मारल्या. एक आजी वॉकर घेऊन दुभाजकापर्यंत गेल्या आणि तिथेच कितीतरी वेळ उभ्या राहून आपलं घर समोरून बघत होत्या. त्या रस्त्याला लागूनच राहायच्या, पण रस्त्याच्या मधून आपलं घर कसं दिसतं ते त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

या आजींवरून आणखी एक सांगतो. 1960च्या दशकाच्या अखेरीस नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एकसारख्या दिसणाऱ्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला. एकावरून दिवसाला सुमारे 2,000 गाड्या जात, सगळ्यात रहदारीच्या रस्त्यावरून सुमारे 16,000. कमी गाड्यांच्या रस्त्यावरच्या माणसांना आपल्या रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, रहदारीच्या रस्त्यावरच्यांना एकही धड नाही. ज्याने हे दाखवून दिलं त्या माणसाचा 1982 साली अथेन्समध्ये भरधाव गाडीची धडक बसून मृत्यू झाला. हे मी वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही. रस्त्यावरून उचललेल्या माणसांना मी इतकी वर्षं रुग्णालयात पोचवलं आहे. त्यातल्या किती जणांची चूक फक्त एवढीच होती की ते रस्ता ओलांडत होते.

दुकानदारांचं म्हणणंही ऐकायला हवं. सकाळी माल उतरवायचा असतो, तो रस्ता बंद व्हायच्या आधी उतरवता यावा अशी वेळ त्यांच्याशी बसून ठरवावी. तेवढं केलं तर बहुतेकांची हरकत राहत नाही, असा माझा अनुभव आहे. ज्या दुकानदारांनी पहिल्या रविवारी माझ्याशी वाद घातला, त्यांतल्याच एकाने तिसऱ्या रविवारी मला बसायला स्टूल आणून दिलं.

संबंधितांना माझी विनंती आहे की उपक्रम पुन्हा सुरू करावा, दर रविवारी, सकाळी सहा ते नऊ, निदान एक वर्ष खंड न पाडता. उद्घाटन नको. मधोमध स्टेज नको, स्पीकर नको. साखळ्या सांभाळायला माणसं कमी पडत असतील तर आम्ही निवृत्त चालक सात-आठ जण आहोत, शिट्टीही आमची आम्ही आणू.

आणि त्या ताईंच्या वाचनात हे पत्र आलं तर त्यांना सांगायचं आहे: पिशवीतली पेडल लावायची राहिली आहेत. रस्ता उघडला की या, पान्हा माझ्याजवळ असेल.

आपला,
एक निवृत्त रुग्णवाहिका चालक