लॅक्टोफेरिन : लोहाला पर्याय की जोड?

संपादक महोदय,

लोहाच्या कमतरतेमुळे बालकांना होणाऱ्या रक्तक्षयावर ‘त्रास न देणारा’ उपाय म्हणून लॅक्टोफेरिन हे दुधातील प्रथिन पावडरीच्या रूपात सुचवले जाते. लोहाच्या औषधाने पोट दुखते, शौचास खडा होतो, दातांवर काळे डाग पडतात आणि चमचा दिसताच मूल तोंड घट्ट मिटते. तेव्हा पालकांना या पावडरीचा मोह पडावा, यात नवल नाही.

मात्र हिशेब मांडून पाहावा. या प्रथिनाचा एक रेणू लोहाचे जास्तीत जास्त दोन अणू धरतो. म्हणजे १०० मिलिग्रॅम लॅक्टोफेरिन पुरते भरलेले असले, तरी त्यातील लोह ०.१५ मिलिग्रॅमहून कमीच. उपचारासाठी दर किलो वजनामागे रोज ३ मिलिग्रॅम लोह धरले, तर दहा किलोच्या बाळाला ३० मिलिग्रॅम लागते. लॅक्टोफेरिनचा उपयोग होतो तो वेगळ्या वाटेने: शरीरातील दाह (सूज) कमी झाल्याने लोह अडवून धरणारे हेप्सिडिन हे संप्रेरक घटते आणि अडकलेले लोह रक्तात येऊ शकते, असे मानले जाते. पण ज्याचा साठाच रिकामा आहे आणि आहारातही लोह तोकडे आहे, त्या बाळाच्या बाबतीत वाट मोकळी करून येणार काय?

म्हणून औषध बदलण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, तपासावे (दाह असल्यास हा आकडा फसवा वाढतो, हेही ध्यानात घ्यावे). गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांना हे प्रथिन देऊ नये, ही सूचना वेष्टनावर ठळक छापली जावी. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी लोह आणखी दोन-तीन महिने द्यायचे असते आणि नेमके तिथेच पुष्कळदा औषध सुटते.

– एक वाचक