मॉरिशस जानेवारीत नको, दिवाळीनंतर जा

प्रिय स्वाती,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू! लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, सोबत आई-बाबा, आणि तेही मॉरिशस! लगेच फोन करणार होते, पण फोनवर आपण भलत्याच गप्पांत शिरतो आणि मुद्दा राहून जातो म्हणून सविस्तर लिहितेय. जानेवारीचं बुकिंग अजून केलं नसशील तर प्लीज थांब.

हे बघ, आपल्याकडे पावसाळा जून ते सप्टेंबर, त्यामुळे बीच म्हटलं की आपण डिसेंबर-जानेवारीच धरतो, आणि गोवा, तारकर्लीसाठी ते बरोबरच आहे. पण मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, साधारण २० अंश दक्षिणेला, तिथे वर्षच उलटं चालतं. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा ख्रिसमसच्या सुमाराला रस्तोरस्ती गुलमोहर लालभडक फुललेला, बाजारात लिची आणि आंबे, मला तर वाटलं मे महिनाच चालू आहे. म्हणजे तू जानेवारी म्हणतेस तो तिथला भर उन्हाळा आणि पावसाळा, दोन्ही एकदमच.

उकाडा एकवेळ सोसता येतो गं, पण वादळांचं काय? तिथला सायक्लोनचा सीझन नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत धरतात, पण खरा जोर जानेवारी ते मार्च. दरवर्षी येतंच असं नाही, कधीकधी लांबून निघून जातं. पण इशारे १ ते ४ अशा पायऱ्यांनी चढतात, आणि ३ नंबर लागला की बस बंद, दुकानं बंद, सगळे घरात, हॉटेलवाले पण खोलीतून बाहेर पडू देत नाहीत, विमानं रद्द होतात ते वेगळंच. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळ आलं तेव्हा राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून जात होत्या, टीव्हीवर बघितलं असशील. आता विचार कर, एवढे पैसे भरून, काकूंना गुडघ्याचा त्रास, काकांच्या बीपीच्या गोळ्या, आणि तुम्ही सगळे खोलीत बसून खिडकीची काच थरथरताना बघताय. मला नाही पटत.

मग तू म्हणशील जुलै-ऑगस्ट? तेव्हा तिथे हिवाळा. आपल्याला चालेल इतपतच थंडी, किनाऱ्यावर दिवसा २४-२५ डिग्री, पण आग्नेयेकडून वारा सतत सुटलेला असतो, वाळू डोळ्यात जाते, पाणी गार आणि सहाच्या सुमारालाच अंधार. क्यूरपीपसारख्या मधल्या उंचावरच्या गावात तर स्वेटर लागतो. (पतंगाला लोंबकळून पाण्यावर सर्फिंग करणारे मात्र मुद्दाम ह्याच वाऱ्यासाठी ल मॉर्नला येतात.)

माझं ऐकशील तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा मध्य. वारा पडायला लागलेला असतो, पाऊस वर्षातला सगळ्यात कमी साधारण तेव्हाच, दिवसा २७-२८ पर्यंत, दमट नाही, पाणी हळूहळू कोमट होत जातं. नोव्हेंबरात सायक्लोन बेटापर्यंत येणं फार क्वचित. आणि रियाला दिवाळीची सुट्टी असतेच! आपली भाऊबीज घरी करून निघा. किंवा दिवाळी तिथेच करा, तिथे त्या दिवशी सरकारी सुट्टी असते आणि घराघरात पणत्या लावतात. लग्नाचा वाढदिवस दोन महिने आधी साजरा केला म्हणून कोण काय म्हणतंय?

दिवाळीत नाहीच जमलं तर मे. समुद्र तापायला आणि निवायला वेळ लागतो ना, त्यामुळे मेमध्ये पाणी ऑक्टोबरपेक्षा उबदारच असतं, वादळंही संपत आलेली. फक्त दिवस लहान, आणि तेवढ्यासाठीच मी मेला दुसरा नंबर देते.

महिन्याइतकीच बेटाची बाजू महत्त्वाची, हे मात्र एजंट लोक सांगत नाहीत. वारा आग्नेयेचा, त्यामुळे पूर्व किनारा, बेल मार वगैरे, दिसायला अप्रतिम पण वारा तिथेच जास्त. तुम्ही पश्चिमेला किंवा उत्तरेला राहा, फ्लिक आँ फ्लाक नाहीतर त्रू ओ बिश. बेटाला जवळपास चहूबाजूंनी प्रवाळाचा बांध आहे, लाटा तिकडेच फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत, काकू कंबरभर पाण्यात निवांत उभ्या राहू शकतील. दक्षिणेला ग्री ग्रीला तो बांध तुटलाय, तिथे लाटा बघायला जा पण पाण्यात कोणीही उतरायचं नाही, रियाला आधीच सांगून ठेव. रविवारी पब्लिक बीचवर तिथली कुटुंबं सुरूच्या झाडांखाली डबे घेऊन येतात, गाणी, नाच, मला तो रविवार फार आवडायचा, गर्दी म्हणून टाळू नका.

काकांसाठी एक गोष्ट. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी लोक आहेत, रत्नागिरीकडून, कोकणातून ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज. गणेश चतुर्थीची देशाला सुट्टी असते, गणपती समुद्रात विसर्जन करतात, आणि ते बघताना माझे डोळे भरून आले होते. पण त्या वेळी पाणी अजून गारच असतं, म्हणून ट्रिप त्यावर बांधू नकोस. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट मात्र काकांना नक्की दाखव, १८३४ पासून करारावर आलेले मजूर जिथे उतरायचे ती जागा, युनेस्कोच्या यादीत आहे. भाज्यांबरोबर तिथली डाळपुरी पण खायला घाल, रस्त्यावरचीच.

मुंबईहून थेट विमान बघ, सहा-सात तास, मध्ये बदलायला लागलं तर काकूंचे हाल होतील. आणि सगळ्यांसाठी पाण्यात घालायचे रबरी बूट घे, पाण्यात प्रवाळाचे तुकडे असतात आणि काटेरी सी अर्चिनही. रियाच्या सुट्टीच्या तारखा कळल्या की लगेच पाठव, हॉटेलं मी बघून देते.

तुझी,
मेधा