डिकीतल्या बॉक्सबद्दल दादा, तुमचे आभार

दादा, नमस्कार. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितोय. माझ्या गाडीच्या डिकीत तुम्ही बनवलेला स्पीकरचा बॉक्स बसला आणि जबरदस्त वाजतोय.

उद्यमनगरात तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच, १२ इंची वूफर (बेसचा स्पीकर), पोर्टवाला, म्हणजे हवेला नळी ठेवलेला मोठा बॉक्स, काचा हादरल्या पाहिजेत बस्स. दुसऱ्या कुणी तयार बॉक्स डिकीत सरकवून पैसे घेतले असते, तुम्ही आधी वूफरसोबत आलेला कागद मागितलात. एफएस, म्हणजे मोकळ्या वूफरची स्वतःची कंपनसंख्या, ३० हर्ट्झ; क्यूटीएस, म्हणजे ते कंपन किती आवरलं जातं त्याचा आकडा, ०.४५; व्हीएएस, म्हणजे वूफरच्या पडद्याच्या टांगणीइतकी लवचिक हवा, ४८ लिटर. हे आकडे थील आणि स्मॉल या दोघांच्या नावाने ओळखतात, थीलचं काम १९६१ चं, ऑस्ट्रेलियातलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. मग बिलाच्या पाठीवर गणित: बॉक्ससकट वूफरचा तोच आकडा ०.७०७ हवा, म्हणून ०.७०७ ला ०.४५ ने भाग, वर्ग कर, एक वजा कर, जे येईल त्याने ४८ ला भाग. साधारण ३३ लिटर, बंद बॉक्स. त्यात रेझोनन्स, म्हणजे ती कंपनसंख्या, ३० वरून ४७ हर्ट्झला जातो म्हटल्यावर माझं तोंड पडलं, म्हटलं खालचा बेस गेला.

तिथे तुम्ही जे समजावलंत ना, खरं तर त्यासाठीच हे पत्र. बंद बॉक्सचा आवाज त्या ४७ च्या बराच खाली गेला की ऑक्टेव्हला, म्हणजे हर्ट्झ निम्मे होतील तसतसा दर वेळी, १२ डेसिबलने पडतो, पण काचा लावलेली केबिन नेमका तोच भाग उचलते, आतली लांबी अडीच मीटर धरली तर आवाजाचा वेग ३४४ भागिले लांबीची दुप्पट ५, म्हणजे ७० हर्ट्झच्या आसपास हे सुरू होतं आणि कागदावर ते उचलणंही ऑक्टेव्हला १२ च, प्रत्यक्षात पत्रा आणि फटी थोडं खातात. पोर्टवाला त्याच्या ट्यूनिंगखाली, म्हणजे पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलाय त्याखाली, २४ ने पडतो आणि तिथे कोनला (पडद्याला) मागून हवेचा आधारही राहत नाही. माझी गाडी, माझा वूफर, मला बंदच बरा. पटलं राव.

डिकीत मागची सीट तिरकी, म्हणून बॉक्सची पाठही तिरकी केलीत, खाली २५ सेमी वर साडेसतरा, आतून रुंदी ५० उंची ३४, भरले ३६ लिटर, त्यातले तीनेक मॅग्नेट आणि आतल्या आडव्या पट्टीचे. १८ एमएम एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) फळी. स्टेपनी काढताना बॉक्स उचलता यावा म्हणून पट्ट्याने बांधलात, आणि पत्र्याला एक भोक पाडायच्या आधी वाकून खाली टाकी कुठे, पाईप कुठे ते बघून घेतलंत. सांध्यांना लावलेल्या सिलिकॉनचा आंबूस वास जाईपर्यंत वूफरला हात लावू दिला नाहीत, मी किती मागे लागलो होतो तरी!

आता ढोलाचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, नुसतं घुमत नाही. आई मागे बसून भजन लावायला सांगते, पखवाज आवडला म्हणाली. काच खाली केली की बेस पातळ होतो, ते तुम्ही सांगितलेलंच.

एका मित्राला पण बॉक्स करायचाय. त्याच्या वूफरचा क्यूटीएस ०.३२, माझ्यापेक्षा कमी आहे, म्हणजे तो पोर्टकडे जाईल असं मला वाटतंय, पण एमडीएफ आणायच्या आधी रविवारी त्याचा कागद घेऊन येतो, दुकानात आहात ना?