तिन्ही ‘पंच’ आपले नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजीत गेलेल्या भारतीय शब्दांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडीने वाचला, पण ‘पंच’पाशी अडखळलो. पंच नावाचं मद्यपेय, मुष्टियुद्धातला ठोसा आणि लंडनचं ‘पंच’ साप्ताहिक, या तिन्हींचं मूळ लेखकाने आपल्या ‘पाच’ या आकड्यात शोधलं आहे. एवढी ओढाताण नको.

पेयावर आपला दावा सांगता येतो. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात इकडे होता. गोव्याजवळच्या नेरूळची दारू उत्तम, तिच्यापासून इथले इंग्रज हे पेय करतात आणि त्यात पाच जिनसा पडतात म्हणून हे नाव, असं त्याने लिहून ठेवलं. दारू, पाणी, लिंबू, साखर, मसाला ही नेहमीची यादी. पण मांडेलस्लो या जर्मन प्रवाशाच्या वर्णनाचं १६६२ चं इंग्रजी भाषांतर ‘पालेपुन्त्झ’ या नावाने याच पेयाची कृती देतं: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. मोजून चार! पंचामृतात एक जिन्नस कमी पडला तर गुरुजी पूजा थांबवतील. शिवाय काही अभ्यासकांचा संशय ‘पंचन’ नावाच्या पिंपावर आहे.

ठोशाचा मात्र ‘पाच’शी काडीचा संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणे. त्यावरून फ्रेंचमध्ये टोच्याला शब्द आला आणि तिथून इंग्रजीत पंच. मी कचेरीत तीस वर्षं फायलींचे कागद पंच केले. यंत्राचं पोट उघडलं की पांढऱ्या गोल टिकल्या टेबलभर सांडायच्या आणि शिपाई वैतागायचा. तो पंच आणि ठोसा एकाच घरातले. सायकलचं पंक्चरही त्यांचंच भावंड.

लंडनचं साप्ताहिक निघालं १८४१ मध्ये. त्याचं नाव मिस्टर पंच या नाकाड्या, कुबड्या बाहुल्यावरून ठेवलेलं. हा बाहुला इटलीतल्या नेपल्सच्या ‘पुल्चिनेल्ला’ या विदूषकाचा वंशज. प्रसिद्ध इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पेपिसने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याचा खेळ पाहिल्याची नोंद आहे.

आमच्या ठाण्याहूनही ‘हिंदू पंच’ नावाचं मराठी पत्र निघत असे. नाव विलायती वळणाचं, पण वाचणाऱ्याला त्यात गावचे पंचही दिसले असणार.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. पेयापुढचे ‘पाच’ राहू द्यावेत, प्रश्नचिन्हासह.

आपला,
एक निवृत्त कारकून, ठाणे