२४ तासांची मुभा सर्वांना नाही

‘पक्षाघातावर आता २४ तासांपर्यंत उपचार’ हा लेख वाचला. माहिती चुकीची नाही, पण शीर्षक गाफील ठेवणारे आहे. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी ही मुदत वाढवली ती कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने, रक्ताची गुठळी ओढून काढण्यासाठी. तीही मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद असेल आणि स्कॅनमध्ये वाचवता येण्याजोगा भाग शिल्लक दिसला तरच. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची नेहमीची मर्यादा आजही साडेचार तासच आहे आणि त्यातही जितके लवकर, तितका फायदा अधिक. शिवाय वेळ मोजतात ती लक्षण दिसल्यापासून नव्हे, रुग्ण शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून. रात्री ११ वाजता झोपलेला माणूस सकाळी ६ वाजता वाकड्या तोंडाने उठला, तर हिशेबात सात तास गेलेले असतात. (अशांपैकी काहींना एमआरआय पाहून इंजेक्शन देता येते, पण ती सोय सगळीकडे नसते.) म्हणून रुग्ण शेवटचा ठीक दिसला ती वेळ आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा शेवटचा डोस कधी घेतला, हे कागदावर लिहून न्यावे. घरी अ‍ॅस्पिरिन मात्र देऊ नये; तीही रक्त पातळ करते. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे मेंदूच्या स्कॅनशिवाय कळत नाही. गिळताना गोळी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वेगळाच.