नॉर्मल रिपोर्टच्या पुढे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा रिपोर्ट पुन्हा नॉर्मल आल्यावर रात्री तू लिहिलंस, "आई, या वेळी तरी काहीतरी निघायला हवं होतं." आणि लगेच खाली, "असं वाटणं विकृत आहे ना?" त्या दोन ओळींना उत्तर द्यायला बसले आहे. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहून पाठवते. एका बैठकीत वाचायची गरज नाही. डोकं जड झालं की ठेवून दे.

विकृत वगैरे काही नाही. मी इतकी वर्षं लॅबमध्ये काढली. पाकीट उघडून 'सगळं नॉर्मल' वाचल्यावर चेहरा पडलेली माणसं मी भरपूर पाहिली आहेत. सोबत आलेले नातेवाईक हुश्श करायचे आणि ज्याचा रिपोर्ट तो मात्र कागद उलटसुलट करत उभा. त्यांना आजार नको असायचा. आजार घरी होताच, त्यांना त्याचा पुरावा हवा असायचा. साहेबाला दाखवायला, घरच्यांना दाखवायला, आणि रात्री झोप लागत नसताना स्वतःचीच खात्री पटवायला. तुझं याहून वेगळं काही नाही.

आता त्या 'नॉर्मल'बद्दल थोडं. मी डॉक्टर नाही, पण हे माझं क्षेत्र आहे.

रिपोर्टवर आकड्याशेजारी जी रेंज छापलेली असते, ती साधारणपणे निरोगी माणसांचे सॅम्पल तपासून ठरवतात. मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथे बसतात, ती हद्द. म्हणजे २० धडधाकट माणसांमागे एक जण हद्दीबाहेर जाणारच, आणि त्याला काही झालेलं नसेल. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट एकाच निरोगी माणसाच्या केल्या, तर सगळ्याच्या सगळ्या हद्दीत यायची शक्यता जेमतेम ३६ टक्के. म्हणून मला ती मोठमोठी पॅकेजं आवडत नाहीत. जाळं जितकं मोठं टाकाल तितका कचराही जास्त येतो, आणि मग त्या कचऱ्याच्या मागे आणखी टेस्ट. तुझी एएनए (शरीर स्वतःवरच उलटलंय का हे बघायची रक्ताची टेस्ट) किंचित पॉझिटिव्ह आली तेव्हा तू रात्रभर ल्युपस या तशाच आजाराबद्दल वाचत बसला होतास. १:४० या हलक्या पातळीला ती निरोगी माणसांतही २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास पॉझिटिव्ह येते. डॉक्टरांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही, यात त्यांचा हलगर्जीपणा नव्हता.

पण दुसरी बाजूही आहे. पुरुषाचं हिमोग्लोबिन साधारण १३ ते १७ असलं की आम्ही नॉर्मल छापतो. एखाद्याचं कायम १६ असायचं आणि आज १३.५ आलं, तर कागदावर तेही नॉर्मलच. संगणक तारांकित करणार नाही, डॉक्टरांपुढे जुना रिपोर्ट नसला तर त्यांनाही दिसणार नाही. म्हणून सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लाव. रेंजशी तुलना लॅब करते. आपल्याच मागच्या आकड्यांशी तुलना आपण करायची.

आणि रक्त फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. हिमोग्लोबिन चांगलं असून लोहाचा साठा रिकामा असू शकतो. फेरिटिन मागितलंच नाही तर ते कळत नाही. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सकाळी बघायचं असतं, संध्याकाळच्या आकड्याला सकाळची रेंज लावून चालत नाही. सीलिअ‍ॅक म्हणजे गहू आतड्याला न सोसण्याचा आजार, त्याची टेस्ट गहू चालू असताना करायची असते. तू नेटवर वाचून आधीच गहू सोडलास आणि मग टेस्ट केलीस, त्यामुळे त्या 'निगेटिव्ह'वर मी तरी शिक्का मारणार नाही. हे पुढच्या भेटीत सांग. पण आपल्या आपण परत गहू सुरू करून टेस्टला जाऊ नकोस, किती दिवस खायचा ते डॉक्टर सांगतील.

आता काही दुखणी अशी असतात की ती रक्तात उतरतच नाहीत. मायग्रेनचं बघ. ना रक्तात सापडत, ना स्कॅनमध्ये दिसत. तरी मायग्रेनवाल्याला आज कोणी खोटारडा म्हणत नाही. डॉक्टर ऐकून घेतात आणि ऐकण्यावरूनच निदान करतात. तुझी उभं राहिल्यावरची धडधड आणि डोळ्यांपुढची अंधारी हाही असाच प्रकार वाटतो. ईसीजी काढताना तुला आडवं झोपवलं, बीपी बसवून घेतलं. म्हणजे त्रास ज्या स्थितीत होतो ती सोडून बाकी सगळ्या स्थितींत तपासलं. दुरुस्तीवाला दारात आला की पंखा नेमका सुरळीत फिरतो, तसं झालं.

यासाठी एक साधी तपासणी आहे. बाजूला कोणीतरी असू दे. काही मिनिटं शांत पडून राहा, नाडी मोज. मग उभा राहा, भिंतीला न टेकता, आणि दहा मिनिटांत दोन-तीनदा नाडी मोज. चक्कर यायला लागली तर लगेच बस, शौर्य नको. मोठ्या माणसाची नाडी या दहा मिनिटांत ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी चढून तशीच राहिली, बीपी फारसं पडलं नाही, आणि असा त्रास महिनोन् महिने चालू असला, तर डॉक्टर 'पॉट्स' नावाच्या विकाराचा विचार करतात. हे नाव वैद्यकात रूढ झालं ते १९९३ नंतर. आकडे लिहून डॉक्टरांना दाखव. नाव तू लावू नकोस, मीही लावत नाही.

तुझी दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती तू सांगतोसही अर्धवटच. 'थकवा येतो' एवढंच सांगतोस. थकवा सगळ्यांनाच येतो, डॉक्टरांनाही आलेला असतो, म्हणून तो शब्द ऐकून कोणी मान वर करत नाही. खरं काय होतं ते सांग: शनिवारी मित्रांबरोबर फिरलो, तेव्हा ठीक होतो, आणि सोमवारी अंथरुणातून उठता आलं नाही. श्रमानंतर १२ ते ४८ तासांनी कोसळणं ही 'एमई/सीएफएस' नावाच्या दीर्घ थकव्याच्या आजाराची एक ठळक खूण आहे. मधे एक अख्खा दिवस जातो, म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड बसत नाही. तुलाही ती अजून बसलेली नाही असं मला वाटतं, नाहीतर 'काही कारण नसताना' असं तू दर वेळी लिहिलं नसतंस.

या आजाराचा इतिहास कडवट आहे. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये एक साथ आली. जवळपास ३०० माणसं आजारी पडली, बहुतेक तिथलेच कर्मचारी, आणि हॉस्पिटल काही महिने बंद ठेवावं लागलं. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्या रुग्णांना न तपासता, जुन्या नोंदी वाचून, हा सामूहिक हिस्टेरिया होता असा निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. पुढे कित्येक वर्षं अशा थकव्याच्या रुग्णांना 'हळूहळू व्यायाम वाढवा' हेच सांगितलं गेलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने या विकाराला गंभीर शारीरिक आजार म्हटलं, आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००७ च्या मार्गदर्शक सूचनांतला ठरावीक चढत्या व्यायामाचा सल्ला २०२१ मध्ये काढून टाकला. तुला हाच आजार आहे असं मी म्हणत नाही. तुला 'जिम लाव, आळस जाईल' म्हणणाऱ्यांपेक्षा वैद्यकशास्त्र पुढे गेलंय, एवढंच.

मग 'टेन्शनमुळे होतंय' म्हणतात त्याचं काय? हे ऐकलं की तू पेटतोस. पेटू नकोस, कारण या म्हणण्यात थोडं तथ्यही असतं. मेंदू, नसा, आतडी, हृदय हे सगळं एकाच तारेवर आहे, आणि रचना शाबूत असून कारभार बिघडल्याचे आजार खरेच असतात. हात थरथरतो तो खराच थरथरतो, मग कारण कुठलंही असो. कोणी मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं तर जा. तिथे गेलास म्हणजे दुखणं खोटं असल्याची कबुली दिलीस, असं होत नाही. उदासीनतेत सहसा करावंसंच वाटत नाही. तुला करावंसं वाटतं आणि शरीर साथ देत नाही. हा ढोबळ फरक आहे, पण त्यांना तो सांग. इतके महिने असं काढल्यावर मनही खचतंच, आणि खचलेल्या मनाला औषध लागलं तर घ्यायचं. जगण्याचाच कंटाळा आला असं कधी वाटलं, तर कितीही वाजले असोत, मला उठव. तिथे ज्याला हाक मारता येईल त्यालाही मार.

डॉक्टर बदलत राहण्याचा तुझा धडाका मात्र थांबव. हाडांचा हाडं बघतो, पोटाचा पोट बघतो, आणि अख्खा तू कोणाच्याच वाट्याला येत नाहीस. मन लावून ऐकणारा एक साधा फिजिशियन धर, बाकीच्यांकडे तो पाठवेल. त्याच्याकडे एकच पान घेऊन जा. जाड फाईल पिशवीतच राहू दे, मागितली तर काढ. पानावर कधी सुरू झालं, कशाने वाढतं, आणि आधी काय जमायचं ते आता जमत नाही, एवढंच. 'खूप त्रास होतो'पेक्षा 'एक जिना चढून मधे बसावं लागतं' हे डॉक्टरांच्या कामाचं. निघताना दोन प्रश्न विचार: कशाकशाचा विचार करून तो बाजूला ठेवला? आणि काय बदललं तर मी वाट न बघता परत यायचं? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. 'नक्की सांगता येत नाही' म्हणणाऱ्या डॉक्टरवर मी जास्त विश्वास ठेवीन.

आणि काही गोष्टी अंगावर काढायच्या नाहीत. कारण नसताना वजन उतरणं, न हटणारा ताप, शौचातून रक्त, श्रम करताना बेशुद्ध पडणं, अचानक एका बाजूची शक्ती जाणं. 'माझं नेहमीचंच असेल' म्हणून जुन्या दुखण्याच्या खाती नवं दुखणं जमा करायची सवय लागते. ती लावून घेऊ नकोस.

निदान होईपर्यंत सगळं थांबवून ठेवायचं, असं तुझ्या डोक्यात बसलेलं दिसतं. कोर्स नंतर, गाणं नंतर, मित्र नंतर. हे मला पटत नाही. निदान पुढच्या महिन्यात होईल, काही वर्षांनी होईल, कदाचित कधीच ठाम होणार नाही आणि तू आपोआप सुधारशील. असंही होतं. तोवर जेवढी ताकद आहे तिच्यात बसेल असं काहीतरी आयुष्य हवंच. चांगल्या दिवशी सगळी राहिलेली कामं उरकायला जातोस तिथेच घात होतो. चांगल्या दिवशीही अर्ध्यावर थांब, दमायच्या आधी. हे सांगायला सोपं आहे. पंचविशीत अंगात आलेला जोर मोजून खर्च करायचा म्हणजे शिक्षाच. पण काही आठवडे करून बघ आणि रोज दोन ओळी लिही: काय केलं, कसं वाटलं. दोनच. पानभर लिहायला लागलास तर दिवसभर शरीराचीच पहारेदारी करत बसशील, आणि तसं टक लावून बघितलं की प्रत्येक कळ मोठी वाटते.

मित्रांपैकी एक-दोघांनाच नीट सांग. बाकीच्यांना 'तब्येत बरी नाही, जमलं तर येईन' पुरे. 'दिसतोस तर ठणठणीत' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. ऑफिसात मात्र तोंडी राहू नकोस, डॉक्टरांकडून लेखी घे. निदानाचं नाव नसलं तरी काय जमत नाही आणि कोणती सवलत लागेल, हे ते लिहून देऊ शकतात. उभ्याने करायचं काम बसून करायला मिळालं तरी तुझा निम्मा दिवस वाचेल.

बाबा विचारत होते, काय पाठवू त्याला? मी म्हटलं, सल्ला सोडून काहीही. त्यांच्याकडून आलेले 'हे करून पाहा' व्हिडिओ न बघता पुसून टाकलेस तरी चालेल, मी त्यांना सांगितलं आहे. 'मूळ कारणावर इलाज' अशी हमी देऊन आधी पैसे मागणारे भेटतील. इतका दमलेला माणूस त्यांचं सोपं गिऱ्हाईक असतो. पैसे भरण्याआधी मला फोन कर, मी त्यांची टेस्ट वाचून दाखवते.

पुढच्या भेटीला मी येऊ का ते तू ठरव. आले तर मधे बोलणार नाही, लिहून घेण्याचं काम करीन. नको असेल तर सरळ नको म्हण, मला वाईट वाटणार नाही. (थोडं वाटेल.)

तुझी,
आई

ता. क. केसांसाठी ज्या गोळ्या घेतोस त्यांच्या डबीवर बायोटिन (हे एक जीवनसत्त्व) किती आहे ते बघून कळव. मोठा डोस असेल तर थायरॉईडच्या काही टेस्ट चुकीचे आकडे दाखवतात. थायरॉईड परत करायच्या आधी डॉक्टरांना आणि लॅबला दोघांनाही सांग; किती दिवस आधी बंद करायच्या ते तेच सांगतील.