टेप न कापणाऱ्या काकांना

काका, नमस्कार,

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही हे मला माहिती आहे, तुमच्याकडे साधा बटणवाला फोन आहे आणि चष्माही तुम्ही फक्त स्क्रू दिसावे म्हणून लावता. पण दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात मोबाइलचे कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास विकणारा तुमचा नातू वाचेल आणि तुम्हाला ऐकवेल, म्हणून इथे उघड्यावरच लिहून टाकते. तुमचं नाव, दुकानाचा पत्ता काही लिहित नाही, नाहीतर उद्या अर्धं नागपूर माळ्यावरचे टेप घेऊन बडकस चौकाच्या मागच्या त्या गल्लीत उभं राहील आणि तुम्ही मला शिव्या घालाल.

आधी थोडं मागचं सांगते, कारण त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं की ताई, एका कॅसेटसाठी एवढ्या उन्हात काऊन फिरून राहिल्या, आणि मी नुसतं "बाबांची आहे" म्हणून मोकळी झाले. खरं तर ती बाबांची नाहीच, दादाची आहे. जगजीत सिंग आणि गुलजार यांचा 'मरासिम' हा गझलांचा अल्बम आला १९९९ मध्ये, पण आमच्यापर्यंत पोचायला २००० चा उन्हाळा उजाडला. आम्ही तेव्हा अजनीला रेल्वे क्वार्टरमध्ये, दोन खोल्या, चार माणसं, एक टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकातच. दादाच्या मित्राकडे डबल डेक होता, एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवायचा, तिथून दादाने नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर आठही गझला उतरवून आणल्या, चार या बाजूला, चार त्या बाजूला, आणि क्रम अल्बमचा नाही, स्वतःच्या मर्जीचा. (ओरिजिनल कॅसेट नंतर पहिल्या पगारात घेतली त्याने, पाप फेडलं म्हणे. ती लग्नानंतर पुण्याला गेली आणि तिथेच कुठेतरी हरवली.)

बाबांचं जगजीत सिंग प्रकरण त्याच्याही आधीचं, १९८८ मध्ये दूरदर्शनवर गुलजारची गालिबवरची मालिका लागायची तेव्हापासूनचं. त्यामुळे हीच जोडी परत एकत्र आली म्हणजे आमच्या घरी सणच. आणि मग सुरू झालं आवडतं गाणं कोणतं हे भांडण. दादाचं 'हाथ छूटे भी तो', म्हणून त्याने तेच साइड ए वर पहिलं टाकलं होतं. २००३ मध्ये 'पिंजर' सिनेमात तेच गाणं दुसऱ्या चालीत आलं, गायला परत जगजीत सिंगच, तेव्हा दादा चार दिवस असा वागत होता जसं काही त्याला विचारूनच घेतलं. माझं 'शाम से आँख में', कारण एकोणीस वर्षांची होते आणि उगाच उदास राहणं मला फार भारी वाटायचं. आईचं 'ज़िंदगी यूँ हुई बसर तनहा'. त्यावर बाबा म्हणाले होते की दोन खोल्यांत चार माणसं आणि वरून पाहुणे, तू तनहा कधी झाली ते तरी सांग. आई काही बोलली नाही, तिने गाणंही बदललं नाही. आज तिच्या त्या वयाला पोचल्यावर मला त्याचा अर्थ लागून राहिला आहे, पण तो विषय वेगळा.

आणि बाबा? "सगळीच चांगली आहेत." बस. पंचवीस वर्षं हेच उत्तर. जेवताना विचारा, ट्रेनमध्ये विचारा, १० ऑक्टोबर २०११ ला जगजीत सिंग गेल्याची बातमी आली तेव्हा रात्री ते एकटेच बाहेर खुर्ची टाकून बसले होते, तेव्हाही मी विचारलं, बाबा आता तरी एक सांगा. "सगळीच चांगली आहेत गं." रेल्वेत आयुष्यभर ड्युट्या वाटायचं काम केलं, कोणाची बाजू घ्यायची नाही ही सवय घरीही आणली माणसाने.

तर यावर्षी मे मध्ये दादा आला मुलांना घेऊन, आणि रात्री गच्चीवर विषय निघाला की आज बाबांकडून वदवूनच घ्यायचं. माळ्यावरून टू-इन-वन काढला, धूळ झटकली, कॅसेट टाकली, प्ले दाबलं. अर्धं मिनिट जगजीत सिंग एखाद्या म्हाताऱ्या बाबांसारखे जड आवाजात गायले, मग बरे झाले, मिनिट-दीड मिनिट बरे चालले आणि मग कर्रर्र. टेपने टेप खाल्ली. दादाने घाईघाईत झाकण उघडून ओढलं आणि तुटली ना ती. बाबा म्हणाले, "जाऊ द्या, मोबाइलवर आहे ना." पण ते ज्या पद्धतीने उठून आत गेले ना काका, ते मला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, चार दुकानं फिरले. एकाने पेनड्राइव्ह दाखवला, एकाने तर मशीनकडे बघून ओएलएक्सवर टाका म्हटलं, अँटिकमध्ये जाईल. तुमच्याकडे मला आमच्या इस्त्रीवाल्या दादांनी पाठवलं. दुपारचे दोन, पारा चव्वेचाळीसच्या वर, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, आणि तुम्ही बनियनवर बसून कोणाच्या तरी मिक्सरची मोटर बांधून राहिले होते. कॅसेट हातात घेतली आणि पहिलं वाक्य, "नव्वदची आहे ना, म्हणून गेली. साठची असती तर नसती गेली." मला वाटलं काका काहीतरी गूढ बोलतात. मग तुम्ही समजावलं की कॅसेटचं डबडं तेवढंच असतं, त्यात जास्त मिनिटं बसवायची तर टेप जास्त लांब लागते, आणि ती बसावी म्हणून पातळ करतात, म्हणून ती पटकन गुंडाळली जाते. इतकी वर्षं कॅसेटी ऐकल्या, हे कोणी सांगितलं नव्हतं.

मशीनचा बेल्ट चिकट डांबरासारखा झाला होता, तो तुम्ही काढून फेकला. टेप जिथे घासून वाजते तो हेड स्पिरिटने पुसला, रबरी रोलर कडक झाला होता तो घासला. ते सगळं ठीक, ते कोणीही करेल (आता कोणीच करत नाही, पण येत असेल). मी ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते पुढचं आहे.

साधारण तेरा सेंटिमीटर टेप चुरगळली होती आणि मधे एका जागी तुटली होती. मी म्हटलं, काका, तेवढी कापून टाका आणि जोडून द्या, गाणं काय, कुठेही ऐकायला मिळतं. तुम्ही फुटपट्टी लावली आणि म्हणाले, एका सेकंदात पावणेपाच सेंटिमीटर टेप पळते, म्हणजे पावणेतीन सेकंद जातील. मी म्हटलं जाऊ द्या. आणि तुम्ही ब्लेड खाली ठेवलं. "ताई, टेप एकच असते पण तिच्यावर दोन बाजू असतात. इथून कापलं तर तिकडचंही जाते. उलटी बाजू ऐकल्याशिवाय मी कोणाची टेप कापत नाही."

मी म्हटलं उलट्या बाजूला त्या जागी काही नाही, कोरी आहे, चार गझला संपल्या की पुढे रिकामी. मला खरंच तसं वाटत होतं. तुम्ही ऐकलंच नाही माझं. तात्पुरतं एक चिकटवलं, साइड बी फिरवली, हेडफोन कानाला लावला, आणि थोड्या वेळाने तुमचा चेहरा बदलला. "इथं तर तुमच्या घरचे लोकं भांडून राहिले."

काका, त्या क्षणाचं काय सांगू. दादाने कधीतरी उरलेल्या टेपवर रेकॉर्डचं बटण दाबून ठेवलं होतं आणि विसरला होता. आधी कूलरची घरघर, मग आईचा लाटण्याचा आवाज, मग मी आणि दादा, तेच भांडण, माझा आवाज एवढा पातळ आणि चिरका की मला माझीच लाज वाटली. दादा म्हणतो "चल बे, तुझं गाणं म्हणजे नुसतं रडगाणं". आई म्हणते कूलरमध्ये पाणी कोण टाकणार ते आधी ठरवा. बाबा म्हणतात "सगळीच चांगली आहेत". मग सगळे उठून जातात, नुसता कूलर. आणि मग, टेप संपायला दोन-अडीच मिनिटं उरली असताना, अगदी त्या चुरगळलेल्या जागेच्या आसपास, बाबा एकटे. दाढी करत असावेत, वाटीत ब्रश वाजतो. आणि गुणगुणतात. शब्द नाहीत, नुसतं हूं हूं, सुरात म्हणावं असं काही नाही.

मला ओळखता आलं नाही ते कोणतं. तुम्हाला आलं. तुम्ही डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "हे तर 'एक पुराना मौसम लौटा' आहे." आमच्यापैकी कोणाच्याच यादीत नसलेलं.

मग तुम्ही ती तेरा सेंटिमीटर टेप कापली नाही. मिक्सरची मोटर बाजूला सरकवली, नखाने आणि चमच्याच्या पाठीने एकेक सुरकुती सपाट करत बसले, तीन तास, मधे दोनदा लाइट गेली तर दारात उजेडाला येऊन बसले. तुटलेल्या जागी फक्त तिरपा काप घेतला, हेडला लागते ती बाजू सोडून मागून पट्टी लावली, अर्धा सेंटिमीटर गेली म्हणाले, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. मी घाई करत होते तर म्हणाले, "मले काही घाई नाही, तुम्हाला असन तर उद्या या." आणि पैसे बेल्टचे तेवढे घेतले. टेपचे का नाही विचारलं तर म्हणाले, ते काय काम आहे का. काका, तेच तर काम होतं!

आता घरी काय झालं ते ऐका, तुम्हाला सांगायचं कबूल केलं होतं. रात्री सगळ्यांना बसवलं, पुण्याला परत गेलेल्या दादाला व्हिडिओ कॉलवर घेतलं, मी कूलर बंद केला आणि साइड बी लावली. आई स्वतःचा आवाज ऐकून आधी हसली आणि मग पदराने चष्मा पुसत बसली. बाबांचं गुणगुणणं आलं, चुरगळलेल्या जागी आवाज थोडा डुगडुगतो, पण आहे, सगळं आहे. मी म्हटलं, बाबा, सापडलात. 'एक पुराना मौसम लौटा'. रंगेहाथ!

बाबा म्हणाले, "हा मी नाहीच."

मग कोण? तर म्हणे शेजारचे असतील, क्वार्टरच्या भिंती पातळ होत्या. आई म्हणाली शेजारचे काय आपल्या वाटीत दाढी करत होते का. त्यावर त्यांनी कूलर लावायला सांगितलं, गरम होतंय म्हणून, आणि विषय संपवला. दादा तिकडून वेगळाच चिडला, कारण साइड ए वर त्याच्या गाण्यात तुमच्या जोडाच्या जागी बारीकसं ठुप्प वाजतं. त्याला म्हटलं, तुझ्या ओढाओढीने तुटली, ऐक आता जन्मभर.

पण काका, गेल्या तीन आठवड्यांत बाबांनी स्वतःहून चार वेळा टेप काढला आहे. दुपारी, मी ऑफिसला असते तेव्हा. आई सांगते. कूलर बंद करतात, या उन्हात, आणि घामाघूम होऊन बसतात. कोणतं लावतात विचारलं तर आई म्हणते, मला काय माहीत, मी तर झोपलेली असते. ती दुपारी झोपत नाही, हे मला माहिती आहे आणि तिलाही माहिती आहे.

तर काका, मनापासून थँक्यू. पुढच्या शनिवारी येते आहे, रिवाइंडचं बटण दाबलेलं राहतं, परत वर येत नाही, बघा जरा. येताना तर्री पोहे आणते, तुम्हाला तर्री कमी लागते हे लक्षात आहे. आणि त्या दिवशी मी निघताना विचारलं होतं की तुमचं कोणतं आवडतं त्यातलं, तेव्हा मिक्सरवाल्या बाई आल्या आणि तुमचं सांगायचं राहून गेलं. "सगळीच चांगली आहेत" म्हणालात तर पोहे परत नेईन.